टिपणाऱ्याचे नाव

(बेंगळुरूनिवासी माजी विद्यार्थी आणि पालक यांच्या मारतहळ्ळी येथील स्नेहमेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मारतहळ्ळी हे नाव प्रथम ऐकताना मराठी माणसाचे कान उगाचच टवकारतात. प्रत्यक्षात या नावाची व्युत्पत्ती सांगणाऱ्या कथा अनेक आहेत. त्यांपैकी एक लोकप्रिय कथा, जवळच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात घडलेल्या आणि १९६१ साली पहिले उड्डाण केलेल्या ‘मरुत’ विमानाशी हे नाव जोडते. ते काही असो. गेल्या दहाएक वर्षांत या परिसराला देशभर जी ओळख मिळाली, ती मात्र छायाचित्रांमुळे मिळाली आणि ती फारशी अभिमानाची नाही. बेळ्ळंदूर आणि वर्तूर या दोन तलावांवरून उडून रस्त्यावर येणारा पांढरा फेस २०१५ साली जगाने पाहिला. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये एका रात्रीच्या पावसाने बाह्य वर्तुळाकार मार्ग पाण्याखाली गेला, संगणक कंपन्यांतील कर्मचारी ट्रॅक्टरवर उभे राहून कार्यालयात निघाले, आणि तीही दृश्ये तासाभरात सातासमुद्रापार गेली.

त्यांतली काही छायाचित्रे वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी टिपली होती. पण कितीतरी चित्रे गच्चीवर उभे राहून, अडकलेल्या बसच्या खिडकीतून, गुडघाभर पाण्यात एका हाताने चपला सावरत दुसऱ्या हाताने, येथल्याच साध्या रहिवाशांनी टिपलेली होती. दूरचित्रवाहिन्यांच्या पडद्यावर अशी चित्रे येतात तेव्हा त्यांच्याखाली पुष्कळदा ‘सौजन्य : समाजमाध्यमे’ अशी ओळ असते. ‘समाजमाध्यमे’ नावाचा कोणी छायाचित्रकार अद्याप जन्माला आलेला नाही. बटण दाबणारे बोट कोणाचे तरी होते. त्या बोटाच्या धन्याचा त्या चित्रावर काही हक्क उरतो की ते एकदा महाजालावर टाकले म्हणजे गावच्या चावडीवर टाकलेल्या घोंगडीसारखे सर्वांचे होते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

उत्तर कायद्याने केव्हाच देऊन ठेवले आहे. कॉपीराइट, म्हणजेच प्रताधिकार, याविषयीचा भारताचा अधिनियम १९५७ सालचा आहे. त्यात छायाचित्राचा समावेश ‘कलाकृती’ या संज्ञेत केलेला आहे, आणि त्या छायाचित्रात कलात्मक गुण असो वा नसो, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे पुरस्कारप्राप्त निसर्गचित्र आणि मुलीच्या पहिल्या दिवाळीचा घाईत काढलेला हललेला फोटो हे दोन्ही कायद्यासमोर सारख्याच पंक्तीला बसतात. छायाचित्राचा कर्ता कोण, तर ते घेणारी व्यक्ती. हक्क निर्माण होतो तो टिपण्याच्या क्षणी. त्यासाठी वर्तुळातला ‘सी’ छापावा लागत नाही, कोठे अर्ज करावा लागत नाही, आणि महाजालावर टाकल्याने तो संपतही नाही. नोंदणीची सोय आहे. दिल्लीच्या प्रताधिकार कार्यालयात एका कलाकृतीसाठी साधारणतः पाचशे रुपये शुल्क पडते आणि न्यायालयात ती नोंद प्रथमदर्शनी पुरावा म्हणून उपयोगी पडते. पण ती ऐच्छिक आहे. हक्काचे अस्तित्व त्या कागदावर अवलंबून नाही.

या सोप्या नियमाला दोन महत्त्वाचे अपवाद आहेत आणि ते दोन्ही या सभागृहात बसलेल्यांच्या रोजच्या जीवनात येतात. पहिला नोकरीचा. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक-कंपनी असते. कंपनीच्या वार्षिक समारंभाची छायाचित्रे काढण्याचे काम ज्या कर्मचाऱ्याकडे सोपवले गेले, त्याची ती नव्हेत. त्याच कर्मचाऱ्याने रविवारी नंदीदुर्गावर काढलेली मात्र त्याचीच.

दुसरा अपवाद अधिक गुंतागुंतीचा आणि म्हणून अधिक रंजक आहे. एखाद्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन छायाचित्र काढले गेले, तर उलट करार नसल्यास त्या छायाचित्राचा पहिला मालक ते काढून घेणारा, म्हणजे पैसे देणारा ठरतो. अधिनियमाच्या सतराव्या कलमात हे आहे. लग्नाची छायाचित्रे काढणारे अनेक व्यावसायिक हे कलम पूर्णपणे जाणून असतात, आणि म्हणूनच आगाऊ रक्कम घेताना ते ज्या छापील कागदावर सही घेतात त्याच्या शेवटच्या ओळींत, बारीक अक्षरांत, हक्क छायाचित्रकाराकडे राहतील असे लिहिलेले असते. मंगल कार्यालय, केटरर आणि भटजी यांच्या धांदलीत ती ओळ वाचतो कोण? वर्षभराने वधूचे छायाचित्र त्या व्यावसायिकाच्या इन्स्टाग्राम पानावर जाहिरात म्हणून झळकते तेव्हा ती ओळ आठवते. सही करण्यापूर्वी ती वाचावी, आणि नको असेल तर खोडून दोघांनी बाजूला सह्या कराव्यात. यात व्यावसायिकाचा अपमान नाही. कायद्यानेच ती मुभा दिलेली आहे.

याच कलमाच्या प्रकाशात शाळेच्या वर्गछायाचित्रांकडे पाहिले तर काय दिसते? मार्चमध्ये, परीक्षेच्या आधी, पटांगणात बाके मांडली जात. पुढच्या रांगेत शिक्षक खुर्च्यांवर, मधोमध मुख्याध्यापक, उंच मुले मागे बाकांवर, आणि सतरंजीवर मांडी घालून बसलेली लहान चणीची मुले. गावातल्या स्टुडिओचा मालक तिपाईवर कॅमेरा ठेवून काळ्या कापडात डोके घालत असे. मग जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली ती प्रत येई, खाली वर्गाचे नाव आणि वर्ष, आणि अगदी कोपऱ्यात स्टुडिओचा उठावाचा शिक्का. आज हीच छायाचित्रे माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहेत. मोबाईलने त्यांचा फोटो काढताना पुठ्ठ्याच्या कडा हमखास कापल्या जातात, कारण चेहरे मोठे दिसायला हवे असतात. त्या कडांबरोबर स्टुडिओचे नाव जाते, कित्येकदा वर्षही जाते.

कायद्याने पाहता, शाळेने पैसे देऊन छायाचित्र काढवून घेतले असेल तर हक्क शाळेचा. विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली असेल तर प्रश्न अधिक चिवट होतो. स्टुडिओच्या मालकाने स्वतःहून काढून प्रती विकल्या असतील तर हक्क त्याचा आणि त्याच्या पश्चात वारसांचा. हा हक्क टिकतो किती काळ, याचे उत्तर २०१२ साली बदलले. त्यापूर्वी छायाचित्रासाठी प्रकाशनापासून साठ वर्षे अशी वेगळी मुदत होती. २१ जून २०१२ पासून ते कलम वगळले गेले आणि छायाचित्रकारही लेखक-चित्रकारांच्या रांगेत आला : त्याच्या हयातीनंतर साठ वर्षे. शाळेला साठ वर्षे झाली म्हणून शाळेची पहिली छायाचित्रे आपोआप मोकळी झाली, असा हिशेब करू नये.

आणखी एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. जुन्या छायाचित्राचा स्कॅन करणाऱ्याला, त्यावरचे डाग काढणाऱ्याला वाटते की आता हे चित्र आपले झाले. मग तो कोपऱ्यात स्वतःचे नाव टाकतो. न्यायालयीन निकालांच्या संपादित प्रतींवरून झालेल्या ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की नुसते श्रम आणि पैसा ओतल्याने प्रताधिकार मिळत नाही, किमान सर्जनशीलता लागते. हाच मापदंड लावला तर आहे तसे उतरवून घेणे म्हणजे नवनिर्मिती नव्हे. स्कॅन करणाऱ्याचे आभार जरूर मानावेत. ‘संग्रह : अमुक’ असेही छापावे. पण ‘छायाचित्र : अमुक’ असे छापू नये.

नावाचा हा आग्रह काहींना अतिरेकी वाटेल. नाव गळाले म्हणजे नेमके काय गळते, हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला यांच्या आयुष्याकडे पाहून समजते. १९१३ साली जन्मलेल्या होमाईबाईंची आरंभीची छायाचित्रे पती माणेकशा यांच्या नावाने प्रसिद्ध होत. स्त्री, तीही अपरिचित, तिचे नाव छायाचित्राखाली कसे चालायचे, असा तो काळ होता. पुढे त्या दिल्लीला गेल्या, स्वातंत्र्याचा पहिला झेंडा, नेहरू, माउंटबॅटन, गांधीजींची अंत्ययात्रा असे सारे त्यांनी टिपले, ‘डालडा १३’ या टोपणनावाने ओळखल्या गेल्या, आणि १९७० च्या सुमारास कॅमेरा खाली ठेवून विस्मृतीत गेल्या. त्यांची चित्रे पाठ्यपुस्तकांत, मासिकांत दिसतच राहिली. ती कोणाची हे फार थोड्यांना ठाऊक होते. उत्तरायुष्यात अभ्यासकांनी त्यांचा शोध घेतला, २०१० मध्ये त्यांचा संग्रह अल्काझी प्रतिष्ठानाकडे सुरक्षित झाला आणि २०११ मध्ये, निधनाच्या आदल्या वर्षी, पद्मविभूषण मिळाले. होमाईबाईंना नाव परत मिळायला अर्धे शतक लागले. ज्यांना अभ्यासक भेटत नाहीत, त्यांचे काय होत असेल याची कल्पना यावरून यावी.

प्रताधिकार कायद्यात यासाठी स्वतंत्र तरतूद आहे. आर्थिक हक्क विकले, दिले, संपले तरी कर्त्याचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क, आणि कृतीची त्याच्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क, सत्तावन्नाव्या कलमाने वेगळा राखला आहे. पैसे देणारी शाळा छायाचित्राची मालक असली तरी कर्ता स्टुडिओवालाच. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक भर घातली : डिजिटल कृतीला जोडलेली कर्त्याच्या नावासारखी माहिती विनापरवाना, जाणूनबुजून काढून टाकणे हा आता दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र अपराध आहे. कोपऱ्यातले नाव सफाईने कापून चित्र पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असेल?

आता महाजालावर टाकण्याच्या क्रियेकडे वळू. फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या सेवांचे करार वाचले तर त्यांत आरंभीच एक दिलासा असतो : चित्र तुमचेच राहते. पुढच्याच वाक्यात मात्र त्या चित्राचा जगभर, विनामूल्य वापर करण्याची, तो परवाना पुढे दुसऱ्याला देण्याचीही मुभा त्या सेवेला दिलेली असते. म्हणजे घर तुमचेच, पण एका कुळाला भाडे न घेता ठेवले आहे आणि त्याला पोटकूळ ठेवण्याची परवानगी आहे. हा परवाना त्या सेवेपुरता असतो; तेथे चित्र पाहणाऱ्या प्रत्येकाला तो मिळत नाही. बहुतेक गोंधळ या एका फरकाच्या अज्ञानातून होतो.

हा फरक न्यायालयात सिद्ध झाला तो हैतीच्या भूकंपानंतर. १२ जानेवारी २०१० रोजी पोर्त-ओ-प्रिन्स शहर कोसळले तेव्हा दानियेल मोरेल हा हैतीत जन्मलेला वृत्तछायाचित्रकार तेथेच होता. त्याने उद्ध्वस्त शहराची चित्रे ट्विटरशी जोडलेल्या एका सेवेवर टाकली. दुसऱ्याच एका माणसाने ती उचलून स्वतःच्या नावाने टाकली, आणि तेथून ती एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेने घेऊन गेटी इमेजेसमार्फत जगभर वितरित केली. प्रकरण न्यायालयात गेले तेव्हा वृत्तसंस्थेचे म्हणणे होते की ट्विटरवर टाकलेले चित्र वापरायला ट्विटरच्या अटीच परवानगी देतात. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०१३ मध्ये ते अमान्य केले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ज्यूरीने मोरेलला सुमारे बारा लाख डॉलर देवविले. त्याच्याकडे मूळ प्रती होत्या, वेळ होती, नाव होते. वर्तूरच्या फेसाचे चित्र काढून गटावर टाकणाऱ्याकडे पंधरा दिवसांनी यातले काय शिल्लक असते?

बहुधा काहीच नसते, कारण मोबाईल भरला म्हणून मूळ फाइल पुसलेली असते. कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर एक अदृश्य टिपण जोडतो : तारीख, वेळ, यंत्राचा प्रकार, कधी ठिकाणही. व्हॉट्सॲपवरून चित्र म्हणून पाठवताना ते आकाराने लहान होते आणि हे टिपणही गळून पडते. बहुतेक समाजमाध्यमे असेच करतात. म्हणून संरक्षणाचा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मूळ फाइल, पूर्ण आकाराची, जशीच्या तशी, दोन ठिकाणी जपून ठेवणे. आपण चित्र काढले हे सिद्ध करायला त्या क्षणाच्या आगेमागे काढलेली, न टाकलेली चारदोन चित्रे फार उपयोगी पडतात. चोराकडे एकच चित्र असते. महाजालावर टाकायची प्रत लहान आकाराची असावी. चित्रावर नाव उमटवणे, ज्याला वॉटरमार्क म्हणतात, हा उपाय लोकांना फार आवडतो, पण त्याची ताकद मर्यादित आहे. कोपऱ्यातले नाव कापता येते, मधोमध टाकले तर चित्र विद्रूप होते, आणि आता ते पुसून देणारी साधने फुकट मिळतात. तरीही नाव टाकावे. ते पुसले गेले तर पुसणाऱ्याचा हेतू उघड होतो. चित्रासोबतच्या ओळीत ‘परवानगीशिवाय वापरू नये’ किंवा ‘नाव देऊन वापरण्यास हरकत नाही’ यांपैकी जे इष्ट असेल ते स्पष्ट लिहावे.

दुसरे वाक्य लिहिणाऱ्यांसाठी क्रिएटिव्ह कॉमन्स हा तयार परवाना आहे. नाव द्या, व्यापारी उपयोग करू नका, बदल करू नका, अशा अटी हव्या तशा जोडता येतात. विकिमीडिया कॉमन्सवरची चित्रे व्यापारी उपयोग किंवा बदल न रोखणाऱ्या मोकळ्या परवान्यांवर असतात आणि २००३ पासून चालत असलेल्या मराठी विकिपीडियाला गड, देवळे, नद्या, माणसे यांची चित्रे तेथूनच मिळतात. बेंगळुरूच्याच सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने मराठीसह भारतीय भाषांच्या विकिपीडियासाठी काम केले आहे. पण हा परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही. देताना विचार करून द्यावा, विशेषतः चित्रात माणूस असेल तर.

कारण चित्रातला माणूस हा वेगळाच प्रश्न आहे, आणि पालकांच्या दृष्टीने तोच सर्वांत जवळचा. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका मराठी ग्रामीण महिलेची याचिका आली. तिचे म्हणणे असे, की गावातल्याच एका ओळखीच्या छायाचित्रकाराने तिचा फोटो काढला आणि तिला न सांगता शटरस्टॉक या चित्रविक्रीच्या संकेतस्थळावर ठेवला. तेथून तो महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण आणि ओडिशा या राज्यांच्या सरकारी जाहिरातींत, केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाच्या प्रसिद्धीत, एका राजकीय पक्षाच्या प्रचारात आणि काही खासगी जाहिरातींत वापरला गेला. ज्या योजनांशी तिचा संबंध नाही, त्या योजनांची ती ‘लाभार्थी’ झाली. खंडपीठाने प्रकरण गंभीर असल्याचे नमूद केले आणि सर्व संबंधितांना उत्तर देण्यास सांगितले.

या प्रकरणात प्रताधिकाराचा विचार एकट्याने पुरत नाही. बटण छायाचित्रकाराने दाबलेले असते. तेव्हा, त्या बाईने पैसे देऊन काढून घेतले नसेल तर, चित्राचा हक्क प्रथमदर्शनी त्याचा. पण चेहरा त्याचा नव्हे. चित्र विकण्याचा हक्क आणि त्या चेहऱ्याने एखाद्या मालाची किंवा मताची भलामण करवून घेण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्यासाठी त्या व्यक्तीची संमती लागते. अमेरिकेतील एका शाळकरी मुलीचा फोटो तिच्या ओळखीच्या मोठ्या माणसाने मोकळ्या परवान्यावर महाजालावर ठेवला. २००७ साली तो ऑस्ट्रेलियातल्या बसथांब्यांवर मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत, तिची थट्टा करणाऱ्या ओळीसह लागला. कुटुंबाने टेक्ससमध्ये दावा केला, तो अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर फेटाळला गेला. प्रताधिकाराचे सारे नियम पाळूनही एका मुलीची जगासमोर चेष्टा होऊ शकते, असा त्याचा अर्थ. स्नेहसंमेलनात नाचणाऱ्या दुसऱ्याच्या मुलाचा फोटो स्वतःच्या पानावर टाकण्यापूर्वी त्याच्या आईवडिलांना एका शब्दाने विचारणे म्हणूनच आवश्यक आहे. मूल दहा-बारा वर्षांचे असेल तर त्यालाही विचारावे; त्याचे मत बहुधा पालकांपेक्षा कडक असते.

चित्र चोरीला गेल्याचे आढळले तर काय करावे? प्रथम रागाने जाहीर काही लिहू नये. समोरचा चित्र काढून टाकतो आणि पुरावाही जातो. आधी त्या पानाचे पत्त्यासह आणि तारखेसह चित्र घेऊन ठेवावे. चित्रावरून चित्र शोधण्याची सोय गूगलवर आहे, तिने आणखी कोठे वापर झाला ते पाहावे. मग साधे, सभ्य पत्र लिहावे : हे चित्र माझे आहे, अमुक दिवशी काढले, नाव द्यावे किंवा काढावे, व्यापारी उपयोग असेल तर अमुक मानधन द्यावे. अशी पुष्कळ प्रकरणे येथेच मिटू शकतात, कारण वापरणाऱ्याला चोरी करायची नव्हती, त्याला फुकट मिळाले असे वाटले होते. न मिटल्यास संबंधित सेवेकडे तक्रार करावी. २०१३ च्या प्रताधिकार नियमांप्रमाणे नीट तपशील असलेली लेखी तक्रार मिळाल्यावर सेवेने छत्तीस तासांत त्या चित्रापर्यंतची वाट बंद करावयाची असते. मात्र तक्रारदाराने एकवीस दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ती पुन्हा खुली होऊ शकते. ही एकवीस दिवसांची अट सामान्य माणसाच्या दृष्टीने जाचक आहे, हे मान्यच केले पाहिजे. त्यात एक सवलत अशी, की प्रताधिकाराचा दावा फिर्यादी जेथे राहतो तेथील जिल्हा न्यायालयात दाखल करता येतो. मारतहळ्ळीच्या रहिवाशाला त्यासाठी दिल्ली किंवा मुंबई गाठावी लागत नाही. जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे, आणि हा अपराध दखलपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. फ्लेक्स छापणाऱ्या दुकानदाराला हे एकदा शांतपणे सांगितले तरी काम होण्यासारखे आहे.

फ्लेक्सचा उल्लेख आला म्हणून, आरशात पाहण्याचीही वेळ आली आहे. परगावी राहणारा मराठी समाज गणेशोत्सव, दिवाळी अंक, मंडळाची पत्रके यांत किती चित्रे कोणाला विचारून घेतो? पंढरीच्या वारीचे आकाशातून घेतलेले चित्र, राजगडाच्या बालेकिल्ल्यावरचा सूर्योदय, ही चित्रे कोणीतरी पहाटे तीनला उठून, चिखल तुडवून काढलेली असतात. ‘गूगलवरून साभार’ ही ओळ छापणे म्हणजे वाण्याकडून उचललेल्या साखरेसाठी गोणीचे आभार मानणे होय. कायद्याने काही मोकळीक ठेवली आहे : खासगी अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींचे वृत्त, आणि वर्गात शिकवताना शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेला वापर. सार्वजनिक ठिकाणी कायम उभ्या असलेल्या पुतळ्याचा किंवा वास्तूचा फोटो काढायलाही हरकत नाही. पण जाहिराती घेऊन छापलेली स्मरणिका ही वर्गातली शिकवणी नव्हे, हे शाळेच्या स्मरणिकेलाही लागू आहे.

म्हणून या अंकासाठी छायाचित्रे पाठवणाऱ्यांनी पुठ्ठ्यासकट, चारही कडा दिसतील असा स्कॅन पाठवावा. मागच्या बाजूला काही लिहिले असेल तर तिचाही. चित्र कोणत्या वर्षीचे, कोणत्या तुकडीचे, कोणी काढले, पैसे शाळेने दिले होते की मुलांनी, मूळ प्रत सध्या कोणाच्या घरी आहे, एवढे चार ओळींत लिहावे. स्वतः काढलेले असेल तर या अंकापुरती परवानगी की शाळेच्या संकेतस्थळासाठीही, हेही लिहावे. ज्या चित्राचा कर्ता सापडणार नाही, त्याखाली ‘छायाचित्रकाराचे नाव उपलब्ध नाही, माहिती असल्यास शाळेस कळवावे’ अशी ओळ छापता येईल. पहिल्या तुकडीचे विद्यार्थी आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. पटांगणात कॅमेरा लावणारा तो स्टुडिओवाला कोण, त्याचे दुकान कोठे होते, त्याची मुले आज कोठे असतात, हे सांगू शकणारे तेच. त्यांच्याकडे या सुट्टीत गावी जाल तेव्हा ते छायाचित्र मोबाईलवर न दाखवता कागदावर मोठे छापून न्यावे. त्यांना दिसायला सोपे जाईल, आणि नावे मागच्या बाजूला लगेच लिहून घेता येतील.